मागच्या झडपेचे चार बोल्ट

कुकरची दुसरी शिटी झाली होती. तिसरी झाली की गॅस बारीक करायचा, म्हणून एक कान तिकडे ठेवून मी पेसरट्टूचं, म्हणजे मुगाच्या डोशाचं, पीठ ढवळत होते. नळाचं पाणी जायला पंधरा मिनिटं उरलेली, आमचे हे नेमके आंघोळीत, आणि बाहेरच्या बादल्या भरायच्या तशाच. हैदराबादच्या अंबरपेठेत आमची सकाळ अशीच असते, सगळं एकदम अंगावर येतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

घराला बेल असताना दारावर बोटानं टकटक करणारा माणूस आमच्या गल्लीत एकच, किशनराव. "बेल वाजली की आतला माणूस दचकतो, ताई," हे त्यांचं कारण. पंचावन्नच्या पुढचे, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. त्यांची बायको सरुबाई शिवणकाम करते. माझी सगळी ब्लाउजं तिच्याच हातची. मुलगी रोशनी दहावीत असताना रसायनशास्त्र शिकायला माझ्याकडे यायची. माझ्या बी.एस्सी.चा कुणाला उपयोग झाला असेल तर तेवढाच. ती आता बंगळूरला नोकरी करते.

एरवी किशनराव आले की दारातूनच म्हणायचे, "चहा टाका, भट्टीवाला आलाय." त्या दिवशी चपला काढून नुसते उभे राहिले.

"दवाखान्यात अंबाजी बरे आहेत ना?" मी घाबरूनच विचारलं.

"आहे. तसाच आहे."

खुर्ची पुढे केली तर नको म्हणाले. स्वयंपाकघराच्या दाराशी माझं भाजी निवडायचं स्टूल असतं, त्यावर बसले. पिशवीतून रुमालाची गाठ काढली, ती सोडायला त्यांना बराच वेळ लागला. आत चार बोल्ट होते, करंगळीएवढे, एका टोकाला काळपट.

"मोजा."

"चार आहेत."

"हां. चारच."

तिसरी शिटी झाली आणि किशनराव स्टुलावरून अर्धे उठले. मी गॅस बारीक केला. माझ्या घरात इतक्या वर्षांत कुणाला न दचकवणारा माणूस असा कुकरला दचकला.

किशनराव कोण ते आधी सांगायला हवं. मूळचे देगलूरकडचे. सातवीपर्यंत मराठी शाळा, मग मामाबरोबर हैदराबादला. इथे आल्यावर दक्खनी बोलायला शिकले, तेलुगू समजायला लागली, पण वाचायचं म्हटलं तर मराठीच. एकोणीस वर्षं ते एकाच कारखान्यात होते. जळालेल्या विजेच्या मोटारी तिथं नव्यानं गुंडाळतात. तांब्याची गुंडाळी वॉर्निशमध्ये बुडवायची, निथळू द्यायची आणि मग मोठ्या भट्टीत भाजून पक्की करायची. भट्टी म्हणजे खोलीएवढं लोखंडी कपाट, गॅसच्या बर्नरवर चालणारं. वॉर्निशात थिनर असतं. गरम झालं की त्याची वाफ सुटते, आणि ती वाफ कोंडून राहिली तर ठिणगीसुद्धा लागत नाही, नुसत्या तापलेल्या बर्नरवर पेट घेते.

हे मला कसं माहीत? सहा वर्षांपूर्वी नवी भट्टी आली तेव्हा तिच्याबरोबर इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक आलं. किशनराव ते फडक्यात बांधून माझ्याकडे घेऊन आले. "ताई, हिचा स्वभाव काय आहे ते मला मराठीत लिहून द्या." आम्ही दोघांनी चार रविवार बसून त्याची मराठी पाटी केली. पेटवायच्या आधी पंखा दहा मिनिटं चालवून आतली हवा काढून टाकायची. एका वेळी ठरल्यापेक्षा जास्त माल भरायचा नाही. थेंब गळत असेल तर माल आत न्यायचा नाही. पंखा बंद पडला तर बर्नर आपोआप विझवणारं एक बटण असतं, ते महिन्याला तपासायचं. किशनरावांनी ती पाटी भट्टीशेजारी लावली आणि तिच्याप्रमाणे वागले. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरायचे. बाकीचे हसायचे. "क्या मियाँ, बीवी से पूछ रहे क्या, अंदर आऊं क्या बोल के?" त्यांना नावच पडलं होतं, भट्टीचा नवरा.

ते नाव ठेवणारा अंबाजी. उदगीरकडच्या शेतकरी घरचा, पण वडिलांच्या वेळेपासून हैदराबादचा. दोघांची गट्टी सगळ्या कारखान्याला ठाऊक. डबा एकत्र, भांडण एकत्र. जानेवारीत नामपल्लीला नुमाइश, म्हणजे मोठं प्रदर्शन, भरलं की दोन्ही घरं मिळून जायची. अंबाजी आणि किशनराव पाळण्यात बसायचे आणि दोघांच्या बायका खाली उभ्या राहून त्यांना हसायच्या. यंदा कुणी गेलं नाही.

अकरा दिवसांपूर्वी त्या भट्टीत भडका झाला होता. पंख्याचा पट्टा तुटला, आणि बर्नर विझवणारं ते बटण वॉर्निशच्या चिकटीनं अडकून बसलेलं. अंबाजी पुढच्या दाराशी तापमान बघत उभे होते. दार उखडून आगीचा लोळ त्यांच्या अंगावर आला. दोन्ही हात, छाती, एक गाल. कोठी भागातल्या सरकारी दवाखान्यात होते. एवढं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

"भट्टीला मागच्या बाजूला एक पत्र्याची झडप असते, ताई," किशनराव बोलायला लागले. "तुम्हाला आठवत असेल, पुस्तकात चित्र होतं."

मला आठवत होतं. ते पान भट्टी बसवणाऱ्यांसाठी आहे असं समजून मी पाटीत घेतलंच नव्हतं. तसं मी म्हणाले. जरा घाईनंच म्हणाले.

"नाही नाही, ते तुमच्यावर नका घेऊ. भट्टी बसवायला आलेल्या माणसानं मला बोट लावून दाखवलं होतं. एका हातानं ढकलली की सुटायला पाहिजे, बोलला. आत काही झालंच तर सगळा जोर तिकडून मागच्या भिंतीकडे जाणार, पुढचा माणूस वाचणार. मला माहीत होतं." त्यांनी गॅसवरच्या कुकरकडे बोट केलं. "तुमच्या कुकरच्या झाकणात ती सेफ्टीची गोळी असते ना, शिटी अडकली की उडते ती? ती मी ठोकून बंद केली. अगरबत्ती लावायला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

दर दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. भट्टी धुवायची, कुंकवाची बोटं ओढायची, झेंडूचं तोरण, समोर कोहळा फोडायचा. देवीची तसबीर अंबाजी घरून आणायचे आणि मागच्या बाजूला, त्या झडपेवर टांगायचे, कारण तिथं कुणाची ये-जा नाही, पायाचा धक्का लागत नाही. मग ती वर्षभर तिथंच. किशनराव बौद्ध, त्यांच्या घरी रविवारी वंदना होते. कारखान्यातल्या पूजेला ते मागे उभे राहायचे, हात जोडायचे नाहीत, पेढे मात्र दोन घ्यायचे. "देवीचा एक, माझा एक," असं म्हणून अंबाजीच द्यायचे.

मागच्या वर्षी पंख्याच्या थरथरीनं झडप वाजली आणि तसबीर ऐन पूजेत खाली पडली. काच फुटली. अंबाजी त्या दिवशी जेवले नाहीत. महिनाभर म्हणत राहिले, काहीतरी वाईट होणार.

"मला ते बघवलं नाही," किशनराव म्हणाले. "या दसऱ्याला मी सगळ्यांच्या आधी गेलो. झडप थरथरते म्हणून तसबीर पडते, तर झडपच पक्की करू. चार कोपऱ्यांना चार भोकं, चार बोल्ट, वर पट्टी. तसबीर अशी बसली ताई, भिंतीत बसवल्यासारखी. अंबाजीनं बघितलं, त्याच्या डोळ्याला पाणी आलं. बोलला, भाऊ, देवी तुझं भलं करील. मी बोललो, देवी राहू दे, पेढे तीन दे."

हसले नाहीत. मीही हसले नाही.

"म्हणजे हे बोल्ट..."

"हेच."

"हे तुमच्याकडे कसे?"

किशनरावांनी मान खाली घातली. ह्यांची आंघोळ झाली होती. ते दारात आले, आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता बादल्या भरायला गेले.

"भडका झाला तेव्हा मी वॉर्निशच्या टाकीशी होतो. धावत आलो. अंबाजीला चौघांनी उचललं, फाटकाशी रिक्षा थांबवली. सगळे त्याच्या मागं गेले. मी पाना घेतला आणि भट्टीच्या मागं गेलो. लोखंड गरम होतं. फडकं गुंडाळून चारही काढले. खिशात घातले. मग दवाखान्यात गेलो."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. उजव्या तळव्यावर भाजल्याचा चट्टा होता, सुकत आलेला. अकरा दिवस गल्लीत सगळे म्हणत होते, मित्राला वाचवताना किशनरावांचा हात पोळला. मीच दोन घरांत तसं सांगितलं होतं.

आणि आता विजयसाहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरनी, कागद तयार केला होता. सरकारी तपासणीच्या बाईंना झडपेत चार भोकं दिसली होती. तसबीर अंबाजीची, म्हणून भोकंही अंबाजीचीच, असं त्या कागदात होतं. पट्टा जुना झाला होता, बटण किशनराव दोनदा मागूनही बदललं नव्हतं, याबद्दल एक ओळ नव्हती. एकदा अंबाजीवर गेलं की सगळंच अंबाजीवर. बरा झाला तरी त्याला कामावर घेणार नव्हते. बाई त्या दिवशी अकरा वाजता पुन्हा येणार होत्या.

"अंबाजींना माहीत आहे ना, कुणी लावले ते?"

"माहीत आहे. बाईंना बोलला, मला काही आठवत नाही. मला बोलला, राहू दे भाऊ, माझं तर भाजलंच आहे, तुझं कशाला."

इथं मी जे बोलले ते लिहिताना मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "मग किशनराव, त्यांनीच राहू दे म्हटलंय तर... तुमची दोनच वर्षं राहिलीत नोकरीची. रोशनीचं लग्न व्हायचंय."

त्यांनी मान वर केली. रागावले नव्हते. पाटीतलं एखादं वाक्य मी चुकीचं लिहिलं की बघायचे, तसं बघितलं.

"ताई, मी दहा दिवस हेच बोललो मला. ते करून झालं. आता तुम्ही लिहून द्या. मी सांगतो तसं."

मी कागद घेतला. ते सांगत गेले, मी आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. मध्ये एकदा मी ‘अनवधानाने’ असा शब्द घातला. वाचून दाखवल्यावर म्हणाले, "काढा तो. मला माहीत होतं, असं लिहा." पट्ट्याचं आणि बटणाचंही लिहिलं, तारखांसकट, त्यांना तारखा पाठ होत्या. सही करताना त्यांचा हात नेहमीसारखाच स्थिर होता.

"आधी अंबाजीला वाचून दाखवतो. मग कारखान्यात. तुम्ही येता का ताई दवाखान्यापर्यंत? एकट्याचे पाय जात नाहीत."

कुकरमधला भात तसाच डब्यात भरला, वर वरण, आणि निघाले.

अंबाजींच्या खाटेशी त्यांची बायको सत्यवती बसली होती. अंबाजींचे दोन्ही हात पट्ट्यांत, एका गालावर मलम, पण जीभ शाबूत. "आला का भट्टीचा नवरा! ताई, याला सांगा, रोज कायकू येतो. इथं बिस्किटं माझ्यासाठी येतात, संपवतो हा."

किशनराव हसले नाहीत. उभ्यानं कागद वाचायला लागले. पहिल्या चार ओळींवरच अंबाजी चिडले. "ए, नक्को. तुला बोललो ना मी? फाड तो कागद. सत्यवती, घे तो कागद त्याच्याकडून."

"पुरा ऐक," किशनराव म्हणाले आणि वाचत राहिले. बोल्ट काढल्याचं आलं. काढल्याची वेळही आली. पावणेचार, सगळे फाटकाशी असताना.

शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला, थांबला.

"मी तुला हाक मारत होतो," अंबाजी म्हणाले. अगदी हळू. "रिक्षात घालताना. तू दिसेना. मला वाटलं तू डॉक्टरला फोन करायला गेलास. यांना सगळ्यांना मी तसंच सांगितलं. किशन फोन करतोय म्हणून."

किशनरावांनी कागदाची घडी घातली.

सत्यवतीनं माझ्या हातातून डबा घेतला. टेबलावर ठेवला. मग किशनरावांकडे न बघता म्हणाली, "साडेदहा झालेत. बाई येतील ना तिकडे? मग जा."

किशनरावांनी खाटेच्या पायथ्याशी क्षणभर हात ठेवला आणि निघाले. मी थोडा वेळ थांबले. अंबाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सत्यवती त्यांना भात भरवायला लागली, तर म्हणाले, भूक नाही. मग दोन घास खाल्ले.

कारखान्यात काय झालं ते मला नंतर सरुबाईकडून कळलं. किशनरावांनी बाईंच्या पुढ्यात कागद ठेवला आणि त्यावर चार बोल्ट ठेवले. विजयसाहेब म्हणाले, दोस्तीखातर खोटं बोलतोय, मॅडम. तेव्हा किशनरावांनी तळवा उघडून दाखवला. बाईंनी एकेक बोल्ट भोकात घालून बघितला. मग पट्ट्याच्या आणि बटणाच्या तारखा वाचल्या, आणि विजयसाहेबांकडे वळून जुनं रजिस्टर मागितलं. दुपारपर्यंत त्या तिथंच होत्या.

अंबाजींवरचा ठपका गेला. कारखान्यावर ठपका आला, पट्ट्याचा आणि बटणाचा. किशनरावांवर झडपेचा आला, पुरावा हलवल्याचाही आला. नोकरीवरून काढलं नाही, पण भट्टीवरून काढलं. आता ते फाटकाशी बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात. मागच्या मार्चात सुरक्षा सप्ताहात मिळालेलं त्यांचं प्रशस्तिपत्र सरुबाईनं भिंतीवर लावलं होतं. ते त्यांनी स्वतः उतरवून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं. गल्लीत आधी ज्या दोन घरांत मी त्यांच्या पोळलेल्या हाताचं कौतुक सांगितलं होतं, तिथं जाऊन खरं सांगायला मला आठ दिवस लागले. त्यांना अकरा लागले होते, आणि त्यांचं ओझं केवढं होतं.

परवा सकाळी पुन्हा टकटक झाली. या वेळी मी चहा टाकूनच दार उघडलं. तरीही ते त्याच स्टुलावर बसले.

"अंबाजी बोलतात का?" मी विचारलं.

"नाही अजून. घरी आलाय. सरू जाते रोज, तिच्याशी बोलतो. माझ्याशी नाही." चहाचा घोट घेतला. "बरोबर आहे त्याचं."

"पुढच्या महिन्यात कामावर येणार म्हणे?"

"हो. भट्टीवरच. माझ्या जागी." मग कप खाली ठेवून म्हणाले, "नवी झडप बसवलीय. मी फाटकावरून उठून बघायला गेलो होतो. एका बोटानं हलते. तसबिरीला आता समोरच्या खांबावर जागा केलीय, विजयसाहेबांनी स्वतः. पण दसरा येईल ताई. कुणीतरी येईल, थरथरते म्हणून पक्की करील. मन चांगलं असेल त्याचं. माझंही चांगलंच होतं."

पिशवीतून त्यांनी एक पत्रा काढला, पाटीएवढा, पांढरा रंग दिलेला. बरोबर काळ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश. सगळं माझ्यापुढे ठेवलं.

"दोन ओळी लिहून द्या. हिंदीत आणि तेलुगूत तुमच्या शेजारच्या भाग्यलक्ष्मीअम्मांकडून घेईन, मराठीत तुम्ही. झडपेवर नाही लावणार हां, बाजूच्या भिंतीवर."

"काय लिहू?"

"लिहा, या झडपेला बोल्ट लावू नका, काही टांगू नका, ही एका हातानं सुटली पाहिजे."

मी ब्रश बुडवला. "आणि दुसरी ओळ?"

"किशनरावनं लावले होते, म्हणून अंबाजी भाजला," ते म्हणाले. "माझं नाव पुरं लिहा ताई, आणि मोठ्या अक्षरात."